कॅसेटची मागची बाजू

कासार आंबोलीच्या किशोर धुमाळला कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर तो म्हणतो, "खोल्या भाड्यानं देतो." खोटं नाही ते. रस्त्याकडेची जमीन बापानंच विकली, उरलेल्या तुकड्यावर किशोरनं खोल्या काढल्या, आता त्यात आयटीतली पोरं राहतात. पण पंचवीस-तीस वर्षांमागे ज्यांची लग्नं मुळशीत झाली, त्यांना विचारून बघा. अहो, हा शंभू-किशोर जोडीतला किशोर! ह्यांची गाणी वाजल्याशिवाय हळद लागत नव्हती कुणाला.

दोघंच होते. ढोल नाही, ताशा नाही, पेटी नाही. किशोर कीबोर्ड वाजवायचा, ताल त्यातलाच, बासरी त्यातलीच, आणि गायचा तो शंभू कुदळे. पुण्यातल्या एका बारक्या कंपनीनं त्यांच्या कॅसेटी काढल्या. मालक म्हणाला, पुढच्या बाजूला मला नाचायची गाणी द्या, मागच्या बाजूला तुम्हाला काय गोंधळ घालायचाय तो घाला. ह्या खुळ्यांनी मागच्या बाजूला आपला जीव ओतला. संथ, उदास गाणी. त्यातलं एक पौडच्या स्टँडवरून सुटलेल्या शेवटच्या यष्टीचं. किशोरनं कीबोर्डातून गाडीची घरघर काढली होती आणि तिच्यावर शंभू म्हणायचा, 'शेवटची यष्टी गेली गं, दिवा तिचा दिसतोय अजून.' 'अजून'पाशी त्याचा आवाज जरासा चिरायचा. मुद्दाम नव्हे, दमच पुरायचा नाही तिथं. पण नेमकी तिथंच काळजात कळ उठायची बघा.

आणि ऐकलं कुणी? कुणी म्हणजे कुणी नाही! पौडात एक कॅसेटवाला होता. कॅसेटीच्या पाठीला बारक्या खाचा असतात, त्या उघड्या असल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. हा पठ्ठ्या विकतानाच मागच्या बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावून द्यायचा आणि वर सांगायचा, "घ्या, एका बाजूला हळद, दुसरी कोरीच धरा. पायजेल ते भरा!" कोरी कॅसेट वेगळी कशाला घ्यायची, असा सरळ हिशेब. किशोर आणि शंभू ह्यावर पोट धरून हसायचे. वयच तसं होतं, अजून खूप कॅसेटी निघतील असं वाटत होतं. पुढं कॅसेटीच गेल्या, डीजे आले, कंपनी बंद पडली आणि जोडी घरी बसली.

मग शंभूच्या घशात गाठ निघाली. तंबाखू, दुसरं काय! ऑपरेशनमध्ये जीव वाचला पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता गळ्याला भोक, आणि त्यावर बायकोनं, शुभांगीनं, शिवलेला सुती रुमाल. बोलायचं ते हातांनी. दिवाळीनंतर गाठ परत आली, तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छच सांगितलं की घरी न्या, जे मागतील ते द्या.

किशोर रोज त्याच्यापाशी जाऊन बसायचा. एक दिवस त्यानं मोबाईलवर त्यांचंच हळदीचं गाणं लावलं. पुढच्या बाजूची गाणी कुणीकुणी इंटरनेटवर चढवलेली आहेत, अजून वाजतात. शंभूनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग गोधडीवर तळहात उताणा ठेवला आणि हळूच पालथा केला.

किशोरला लगेच कळलं. मागची बाजू लाव.

"व्हय रं, आणतो की," तो म्हणून बसला. डॉक्टर म्हणाले होते, जे मागतील ते द्या. शंभूनं एवढंच मागितलं होतं, आणि नेमकं तेच किशोरपाशी नव्हतं. त्याच्या स्वतःच्या कॅसेटी माळ्यावर मुळशीच्या पावसात बुरशी येऊन कधीच गेल्या होत्या. हातात धरली की टेप तुटून यायची.

किशोरच्या एका खोलीत अमोघ नावाचा भाडेकरू होता, उदगीरकडचा पोरगा, बावधनला नोकरीला. त्यानं हे ऐकलं आणि तो उडालाच. "काका, बाहेरच्या देशांत अशा दोन-दोन माणसांच्या जोड्या असतात बघा, कीबोर्ड आणि गळा एवढंच. त्यांच्या मागच्या बाजूच्या गाण्यांचे वेगळे अल्बम निघतात, आणि लोक तेच जास्त जपतात. तुम्ही कॅसेट आणा, बाकी मी बघतो." पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यानं टेपही आणून दिला. किशोरला किती वर्षांनी असं काही झालं होतं! त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही, आनंदानं.

गाडी काढली आणि निघाला. पौड, पिरंगुट, आंबडवेट, मधल्या वाड्यावस्त्या. लोकांनी माळे धुंडाळले, ट्रंका उपसल्या, कॅसेटी निघाल्याही. किशोर प्रत्येक घरी ओसरीवर टेप मांडायचा, कॅसेट उलटी घालायचा, बटण दाबायचा. एका कॅसेटीवर पोरगं पाढे म्हणत होतं. दुसरीवर भजनी मंडळ. तिसरीवर रेडिओवरची क्रिकेटची कॉमेंट्री, तीही हरलेल्या मॅचची! यष्टी कुठंच नव्हती.

पिरंगुटला हेमलता नावाच्या एका बाईकडं तर कहरच झाला. बटण दाबलं आणि तिच्या वारलेल्या सासूचा आवाज आला, "हेमे, दूध उतू चाललंय गं, कुटं हायेस?" हेमलतानं तोंडाला पदर लावला आणि मोठ्यानं रडायला लागली. सगळं घर टेपभोवती गोळा झालं. तिनं किशोरचे पाय धरले. "भावजी, देवमाणूस हाय तुमी. आमच्या आत्याबाईंस्नी परत आणलंत!"

किशोरनं हातातला चहा तसाच ओसरीवर ठेवला. जिथं जाईल तिथं हेच. कुणाचा बाप सापडायचा, कुणाची आजी, लोक दुवा देत होते, आणि ह्याला दर खेपेला एवढंच दिसत होतं की ह्या आवाजाखाली आपला शंभू पुसला गेलाय. राग तरी कुणाचा करायचा? त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच भरलं असतं. तरी राग यायचाच. घरी आला की बायकोवर, साधनावर, उगीचच ओरडायचा.

शेवटी त्यानं शुभांगीला परसात गाठून विचारलं, तुमच्याकडं एखादी हाय का. ती आत गेली. मग ट्रंकेतून कॅसेट काढून आणली, पण हातात देईना.

"भावजी, हिच्यावर आमच्या मनीषचं रडणं हाय. जन्मला तवाचं. ह्यांनीच भरलं. मी म्हनलं, अवो, तुमचं गाणं हाय त्याच्यावर. तर म्हनलं, गाणं काय, कवाबी गाईन."

परसातच टेप लावला. सुरुवातीला यष्टीची घरघर आली, तीच, अगदी तशीच! किशोरनं कान टेपाला लावला. घरघर चढत गेली, आता शंभू उचलणार, आता, आणि खट्. मग तान्ह्या पोराचं रडणं.

अमोघ म्हणाला, "काका, नाराज होऊ नका. पुढच्या बाजूची गाणी आहेत ना? त्यावरून कॉम्प्युटर त्यांचा आवाज शिकतो. तुम्ही वाजवा, चाल म्हणून दाखवा, गळा त्यांचा लागेल."

"लाज न्हाई वाटत?" किशोर भडकला. "माणूस जित्ता हाय माझा अजून!"

पण पुढच्या आठवड्यात शंभूचं पाणीसुद्धा कष्टानं जायला लागलं. किशोर दारात दिसला की त्याची नजर पहिली किशोरच्या हाताकडं जायची, काही आणलंय का म्हणून. ते बघवेना. झक मारत किशोरनं कीबोर्ड पुसला, आखडलेल्या बोटांनी घरघर काढली आणि भसाड्या आवाजात चाल म्हटली. अमोघनं काय केलं देव जाणे, गाणं तयार झालं. आवाज शंभूचाच. तरुण, स्वच्छ, गुळगुळीत, कुठं दम लागलेला नाही. अमोघनं अल्बमचं चित्रसुद्धा करून ठेवलं, आधी हे एक झालं, बाकीची होतीलच म्हणाला.

दुपारी शंभूला उशीला टेकून बसवलं आणि किशोरनं मोबाईल त्याच्या कानाशी धरला. पहिली ओळ आली आणि शुभांगी हुंदका देऊन म्हणाली, "अगं बया, ह्यांचाच आवाज!" शंभूनं डोळे मिटले होते. बोट गोधडीवर ताल धरत होतं. 'दिवा तिचा दिसतोय' झालं, आणि 'अजून'पाशी बोट थांबलं. वाट बघत थांबलं. गाणं मात्र न अडखळता पुढं गेलं. शंभूनं डोळे उघडले.

गाणं संपल्यावर त्यानं मोबाईलकडं बोट केलं आणि मनगट फिरवून विचारलं. कोण हा?

"तूच की रं," किशोर म्हणाला. "तूच हायेस, शंभ्या."

शंभूनं मान हलवली. हसला. मित्र थट्टा करतोय हे ओळखल्यासारखा हसला, आणि किशोरच्या गुडघ्यावर थोपटून बोटांनी झकास अशी खूण केली. किशोरला दुसरा गायक सापडला, चांगला सापडला, ह्याचा त्याला आनंदच झाला होता. किशोरला शपथ घेऊन सांगायचं होतं की हा तूच, पण गायलेला तर तो नव्हताच.

मग शंभूनं गोधडीवर तळहात उताणा ठेवला आणि हळूच पालथा केला. आता माझं लाव.

तो वाट बघत राहिला. किशोर मोबाईल हातात धरून बसला होता, आणि लावायला त्याच्यापाशी काहीच नव्हतं.