समितीला मी भरती दाखवली

निवृत्त झालो त्या दिवशी ऑफिसात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि एक भाषण. "साहेबांना खाडी तोंडपाठ," असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. मी खुर्चीत बसून हसत होतो, आणि आतून असा संताप आला होता की ती शाल तिथंच भिरकावून द्यावी. का, ते कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, त्याच्या आधी नाही, नंतरही नाही. बायकोला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल, किंवा गिळून गिळून आता घशाखाली उतरत नाही म्हणून असेल.

खाडी तोंडपाठ — हो, आहे ना. पण ती माझ्याकडून पाठ कुणी करून घेतली?

माझे आईबाप मिठागरावरचे. पेणच्या शाळेत यायला आमच्या गावातून वाट धड नव्हती, म्हणून पाचवीपासून मी मावशीकडे राहिलो. हिरामावशी, आईची धाकटी बहीण. तिचं गाव खाडीला लागून. बांधाच्या अलीकडे भाताची खाचरं आणि गावाचं गोड्या पाण्याचं तळं, पलीकडे खारं पाणी. मधे तो एक मातीचा बांध, बस. तो आहे तोवर गाव आहे. मावशीला अक्षर येत नव्हतं, पण भरती कधी येणार ते ती बोटांवर काढायची. तिथीची पाऊणपट करायची. पुनव किंवा अवस असली तर पंधराची पाऊणपट, सव्वा अकरा. "आन आपल्या खाडीत आत यायला पान्याला वर येक तास धरायचा, बाला," असं ती म्हणायची. म्हणजे सव्वाबाराला खाडी पुरी भरलेली. मला इंजिनियरिंगच्या डिप्लोम्यात जे शिकवलं त्यातलं अर्धं विसरलो. हे नाही विसरलो. विसरलो असतो तर बरं झालं असतं.

तर — नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. रोह्याच्या पुढं कोकणचे रूळ पडत होते, डोलवीला कंपनीची धूळ उडायला लागली होती, आणि मी पेणला ओव्हरसियर होतो. मावशीच्या गावचा बांध सरकारनं पक्का करायला घेतला. माती वाढवायची आणि खाडीच्या अंगाला पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडांचं अस्तर बसवायचं. पायथ्याचा दगड महत्त्वाचा, कारण पाणी आपलं काम खालून करतं. आणि तोच दगड बसला नाही. माथ्याकडच्या दोन-तीन रांगा बसवल्या, खाली नुसता चिखल. मोजमापाच्या वहीत मात्र पूर्ण अस्तर लिहिलं गेलं.

लिहिलं गेलं — बघा, कसं बोलतो मी. इतकी वर्षं झाली तरी जिभेचं सरकारीपण जात नाही. मी लिहिलं. माझ्या हातानं. माझ्या घराच्या पायरीला जो काळा दगड आहे तो त्या बांधावर जायला निघालेल्या ट्रकमधला आहे. ठेकेदारानं विचारलंसुद्धा नाही. ट्रक माझ्या दारात उभा केला, आणि मीही ड्रायव्हरला विचारलं नाही की हा इथं कसा.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही. असल्या पायऱ्या तालुक्यात पुष्कळ आहेत, तुमच्याही गल्लीत असेल एखादी. मी बोलतोय त्या दिवसाबद्दल.

मावशीनं अर्ज केला. गावातल्या एका शिकलेल्या सुनेकडून लिहून घेतला, अंगठा उठवला, आणि धाडला थेट मुंबईला. सरकारनं केलेला खर्च कामावर उतरला की नाही हे तपासायला विधिमंडळाची एक समिती असते, त्या समितीकडे. अर्जात माझं नाव नव्हतं. नुसतं एवढंच होतं की खाली दगड नाही, ओहोटीला येऊन बघा. ओहोटीला — तिनं मुद्दाम लिहून घेतलं होतं. आणि काय सांगू, समितीनं ते मनावर घेतलं. जिल्ह्याच्या दौऱ्यात आमचा बांध धरला. अवसेचा दिवस, सकाळी आठला बांध, दुपारी रोह्याला दवाखान्याची नवी इमारत.

ऑफिसात धावपळ उडाली. तुम्ही कधी समिती येताना पाहिलीय? रेस्ट हाऊसला रंग लागतो. बंद पडलेला पंखा फिरायला लागतो. आमच्याकडे आणखी एक रीत होती — जिताडा. खाडीतला मासा, गावोगावच्या तळ्यांत वाढवतात. मोठा साहेब आला की त्याच्या ताटात जिताडा पडलाच पाहिजे, आणि तो कुठल्या तळ्यातला हे कुणी विचारायचं नाही. या वेळचा जिताडा मावशीच्या गावच्या तळ्यातला होता. ज्यांच्या बांधाची तपासणी, त्यांच्याच तळ्यातला मासा. निर्लज्जपणाला काही माप असतं का हो?

उपअभियंत्यांनी कपाळाला हात लावला होता. आठला खाडी रिकामी असणार, चिखल उघडा पडलेला असणार, आंधळ्यालाही दिसेल की दगड नाही. ते साहेब लातूरकडचे. त्यांना पाणी चढतं-उतरतं एवढंच माहीत, कधी ते नाही. ते मला काही कर म्हणाले नाहीत. कुणीच मला काही कर म्हणालं नाही. मीच म्हणालो — साहेब, सकाळी रोहा करा, बांधावर सव्वाबाराला आणा.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून जाणवते.

कारण काय द्यायचं तेही मीच सुचवलं. बांधावरचा रस्ता सकाळी दवानं निसरडा असतो, सन्माननीय सदस्यांना त्रास नको. सगळ्यांना पटलं. गावाला मात्र बदललेली वेळ कळवली नाही. ते काम माझ्याकडे होतं.

गाव आठला बांधावर जमलं. चाळीस-पन्नास माणसं, बायका, शाळा बुडवून पोरं. खाडी रिकामी, चिखल लखलखीत उघडा. नऊ वाजले, दहा वाजले. कुणाला मिठागरावर जायचं होतं, कुणाला कंपनीच्या कामावर. हातावर पोट असलेली माणसं किती थांबणार? अकराला सगळी पांगली. मावशी थांबली. पाणी चढताना बघत एकटी बसून राहिली, असं मला पुढं समजलं. एकेक हात पाणी वर येताना तिला काय वाटलं असेल? वेळ कुणी काढली, हे तिला तिथंच कळलं असणार. दुसरं कुणाला काढता येणार होती?

सव्वाबाराला सहा गाड्या आल्या. खाडी तुडुंब. वर दोन रांगा काळा दगड, खाली निळं पाणी. फोटोत घालावं असं दृश्य. अध्यक्ष म्हणाले, वा. बाकीचे पण वा म्हणाले. कुणाच्या हातात शहाळं, कुणी घड्याळ बघतोय, कुणी जेवणाचं विचारतोय. मला आजही त्यांची चीड येते. अर्जात ओहोटी हा शब्द होता. एकानं तरी विचारावं ना, की ही ओहोटी आहे का? अर्ज वाचला होता कुणी?

एकानं वाचला होता. घाटावरचे वयस्क आमदार, पूर्वीचे शाळामास्तर, पायात साध्या वहाणा. ते बांधाच्या कडेला उकिडवे बसून पाण्यात बघत होते. आणि तेवढ्यात मावशी पाण्यात उतरली.

लुगड्यासकट. आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. साठीची बाई. एका हातानं वरच्या दगडाला धरलं, बुडी मारली, आणि वर आली ती मूठभर चिखल घेऊन. हात वर करून ओरडली, "बघा साहेब, चिखल हाय. दगड नाय." परत बुडी, परत चिखल. गाड्यांचे ड्रायव्हर हसायला लागले. तिचे पांढरे केस तोंडावर चिकटले होते.

मास्तर उठले. त्यांनी नेमकं मला गाठलं. इथलेच का तुम्ही, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. ही बाई काय म्हणतेय? पायथ्याचा दगड तुम्ही स्वतः पाहिलाय का? मी हो म्हणालो. त्यांचं समाधान झालेलं दिसेना. ते म्हणाले, पाणी उतरेपर्यंत आपण थांबू या का? मी थांबतो, बाकीच्यांनी पुढं जावं.

एक माणूस थांबायला तयार होता, कळतंय का तुम्हाला? चार-पाच तास त्या बांधावर बसला असता तो, आणि सगळं उघडं पडलं असतं.

आणि मी बोललो. हळू आवाजात नाही — पाण्यावरून आवाज लांब जातो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी म्हणालो, "साहेब, ती माझी सख्खी मावशी आहे. नवरा खाडीत बुडाल्यापासून तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. असंच पाण्यात उतरते, काहीबाही दाखवते. आम्ही घरचे फार सोसतोय."

काका खाडीत गेले होते हे खरं होतं. त्यांना मी खांदा दिला होता. त्यानंतर मावशीनं एकटीनं शेत केलं, दोन लेकींची लग्नं केली, आणि माझ्या डिप्लोम्याच्या वर्षी मला डबा पोचवला. तिचं डोकं त्या बांधावर उभ्या असलेल्या कुणाहीपेक्षा ठिकाणावर होतं.

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला धीर दिला हो त्यांनी — मला. मग ड्रायव्हरला सांगितलं, त्या माउलीला आधार देऊन वर काढा. मावशीनं माझं बोलणं ऐकलं होतं. हातातला चिखल तिनं पाण्यात सोडला, आणि कुणाचा हात न घेता बाहेर आली. माझ्या जवळून गेली. लुगड्याचं पाणी माझ्या बुटावर ठिबकलं. दुपारी पेणच्या रेस्ट हाऊसवर मी जिताडा वाढत होतो.

समितीचा अहवाल छापून आला, सभागृहात मांडला गेला. मी प्रत मागवून वाचली. समितीनं समक्ष पाहणी केली, अस्तराचं काम समाधानकारक आढळलं. तक्रारदार महिलेची मानसिक स्थिती ठीक नसल्याचं तिच्या निकटच्या नातेवाइकानं सांगितलं, सबब तक्रारीत तथ्य नाही. निकटचा नातेवाईक म्हणजे मी. तपासणी झालीच नसती तर निदान कुणी परत विचारू शकलं असतं. आता त्या चिखलावर विधिमंडळाचा शिक्का बसला होता.

गावातही ते पोचलं. पोरं तिला येडी म्हणायला लागली. पुढच्या पावसाच्या तोंडाला मावशी ऑफिसात आली, माझ्याकडे नाही, थेट साहेबांकडे. बांध खालून झिरपतोय, तळ्याच्या बाजूला, माणसं पाठवा म्हणाली. साहेबांनी मला बोलावून विचारलं, हीच का ती? मी होकारार्थी मान डोलावली. कुणी गेलं नाही. तिनं गावाला सांगितलं, तर गावानंही ऐकलं नाही. सरकारनं छापलेल्या येडीचं कोण ऐकतो?

श्रावणातल्या पुनवेच्या उधाणाला बांध फुटला, नेमका तळ्याच्या बाजूला. माणूस दगावला नाही. लावलेलं भात दोन दिवसांत जळालं. तळं खारं झालं. खारं पाणी शिरलेली जमीन पुढं कैक वर्षं भात देत नाही, हे मला तुम्हाला सांगायला नको. गावच्या बायका मैलभर लांबून हंडे आणायला लागल्या. पुरुष डोलवीच्या गेटवर ठेकेदाराच्या हजेरीला उभे राहिले. मावशीसुद्धा. त्या वयात पाट्या उचलायला.

पंचनाम्याला मीच गेलो. कारण लिहिलं — नैसर्गिक आपत्ती. काम चांगलं होतं याला पुरावा काय, तर समितीचा अहवाल. जोडला.

मावशी ओट्यावर बसली होती. मी समोर उभा राहिलो. ती शिव्या देईल, थोबाडीत मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर मी आज इतका जळत नसतो. तिनं आत जाऊन लांबून आणलेल्या हंड्यातलं तांब्याभर पाणी मला दिलं. मी प्यायलो. मग ती म्हणाली, "येळ बराबर काढलीस, बाला. वरचा तास धरलास. इसरला नायस."

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. मास्तरही गेले, पेपरात वाचलं. ते हयात असताना मला एक पत्र लिहिता आलं असतं. दोन ओळींचं. त्यांचा पत्ता माझ्याकडे होता. मी लिहिलं नाही.

तो अहवाल मुंबईला ग्रंथालयात आहे. त्यात माझी मावशी वेडी आहे.