काचेला चिकटलेल्या आक्का

डाळजला माझ्या सासरी भिंतीवर एकच जुना फोटो होता. सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, थोरल्या बहिणीचा. आई लवकर गेली, तेव्हा या आक्कांनीच आबांना मेंढरांमागं हिंडत वाढवलं. जत्रेत आलेल्या फोटोवाल्यानं काढलेला तो एवढाच फोटो. मी लग्न होऊन आले तोवर आक्काही गेल्या होत्या.

एकोणीसशे नव्वदनंतरच्या एका दिवाळीआधी रंग द्यायला म्हणून मी फोटो उतरवला, तर भिंतीच्या ओलीनं मागचा पुठ्ठा फुगलेला आणि आक्कांचा गाल काचेला चिकटलेला. बाजारातला फ्रेमवाला म्हणाला, "ओढून बघतो, निघंल तेवढा निघंल." आबांनी फोटो त्याच्या हातातून काढून घेतला आणि छातीशी धरला. "ऱ्हाऊ दे. तिचं तोंड जाईल."

मग आम्ही दोघं एसटीनं बारामतीला गेलो. तिथं एक बाई नवऱ्यामागं त्याचा स्टुडिओ चालवत होत्या. त्यांनी फोटो खिडकीपाशी नेऊन तिरका धरून पाहिला.

"आबा, हा काचेपासून सोडवायचा नाही. काचेसकट जपायचा. मी वरूनच याचा दुसरा फोटो काढते."

"आक्काला काय व्हनार न्हाय ना?"

"त्यांच्या चेहऱ्याला बोटसुद्धा लावणार नाही."

त्यांनी गंजलेले खिळे एकेक करून सैल केले, चौकट बाजूला ठेवली, मागचा पुठ्ठा हलकेच उचलला आणि थांबल्या. "आबा, इकडं या."

फोटो चौकटीत बसावा म्हणून कुणीतरी त्याची एक कड मागं दुमडली होती. त्या कडेपर्यंत ओल पोचली नव्हती. तिच्यावर एक लहान पोर होतं. डोक्याला मोठ्या माणसाचं मुंडासं, नाकाला शेंबूड, आणि मुठीत आक्कांचा पदर.

आबा कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. लहानपणीचा आपला फोटोच नाही, असं ते नेहमी सांगायचे.

"म्या हाय त्यो," ते म्हणाले. "बाई, म्या हाय! मुंडासं बाचं हाय." आणि तिथल्या स्टुलावर बसून लहान मुलासारखे रडले. बाईंनी पाणी दिलं, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

बाईंनी पट्टी उलगडली नाही. मोडली असती. पुढचा आणि मागचा असे दोन फोटो काढून त्यांनी एका कागदावर बहीणभाऊ शेजारी शेजारी आणले. तो कागद नव्या चौकटीत बसवताना, पुन्हा चिकटू नये म्हणून, काच आणि फोटोमध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालून फट ठेवली, आणि जुना फोटो कसा सांभाळायचा ते मला नीट शिकवलं. तो मी सुती कापडात गुंडाळून, ओल्या भिंतीपासून लांब, कपाटात ठेवला. अजून तसाच आहे.

त्या हिवाळ्यात आबांनी बाईंना हुरड्याला बोलावलं. शेतात घोंगडीवर बसवून स्वतः कणसं भाजली, हातावर चोळून गरम दाणे त्यांच्यापुढं ठेवले.

"माझी बहीण तर हुतीच," आबा म्हणाले, "तुमी मला तिच्या शेजारी बसवलं."

बाई हसून म्हणाल्या, "खा की तुम्हीपण." आणि आम्ही तिघं खात बसलो.