साक्ष म्हणून दिलेला संदेश

सुनंदा, मी ओमानला निघाले तेव्हा संगमनेरच्या स्टँडवर पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना तुला आठवत असेल. कंडक्टर घाई करत होता, पण पप्पा पडले चर्चच्या मंडळीचे पाळक, त्यांना आशीर्वादसुद्धा आटोपता जमत नाही. शेवटी म्हणाले, “ख्रिस्ताने तुला स्वतंत्र केलंय. कुणाला भिऊ नकोस.”

इब्रा गावच्या हॉस्पिटलात नर्स होऊन आता नऊ वर्षं झाली. ड्यूटीवर मोडकंतोडकं अरबी, रूममेटशी हिंदी, मराठी फक्त शुक्रवारच्या उपासनेला. त्यासाठी दोन तास एकटी गाडी चालवत मस्कतला जाते. चर्चच्या आवारातला हॉल आम्हा मराठी लोकांना तासभर मिळतो, मग तमिळ मंडळी दारात हजर. हायवेवर ट्रकना मागे टाकणारी मी तिथे डोक्यावर ओढणी घेते आणि सामोसे वाटते. नियम आपल्या गावचाच: उपदेशाचा संदेश पुरुषांनी द्यायचा. बाईने फार तर साक्ष द्यावी, म्हणजे प्रभूने माझं काय भलं केलं एवढं सांगून खाली बसावं.

गेल्या महिन्यात वादीला, म्हणजे इथल्या एरवी कोरड्या नदीला, पूर आला आणि संदेश देणारे ब्रदर सूर शहरातच अडकले. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. सेक्रेटरी म्हणाले, “सिस्टर, पाच मिनिटं साक्ष द्या. खलास, मग प्रार्थना करून निघू.”

मी पस्तीस मिनिटं बोलले. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या बायकांच्या घरांत भरायच्या, दासी आणि मालकीण एकाच भाकरीतून खायच्या, लग्न न करणारीला कुणी बिचारी म्हणत नसे. ख्रिस्तात दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष भेद उरला नाही असं लिहिणाऱ्या प्रेषिताच्याच नावावर बाईने गप्प बसावं हेही आहे. ते कसं, मला कळत नाही, आणि कळल्याचं सोंग मी आणणार नाही, असंही बोलून गेले.

कुणीतरी व्हिडिओ पप्पांना पाठवला. त्यांचा फोन आला. “साक्ष छान झाली, जरा लांबली. सुट्टीत आपल्याकडेही दे.”

“पप्पा, तो संदेश होता. तसं जाहीर केलंत तर बोलेन.”

त्यांनी फोन ठेवला. तीन आठवडे अबोला. मला राग आला होता, रडूही आलं. दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं. इथेही काही बदललं नाही. सूरचे ब्रदर परतले आणि मी पुन्हा सामोसे वाटले. कुठेच बूड टेकेना.

काल आईचा फोन आला. चाळीस वर्षं चर्चमध्ये ब्र न काढलेली आपली आई. म्हणाली, “व्हिडिओ मी चारदा ऐकला. चर्च त्यांचं असेल, स्वयंपाकघर माझं आहे. तू ये, मी बायकांना सांगून ठेवलंय.”

मी तिकीट काढलं. घर म्हणजे काय, याबद्दल या घडीला मला एवढंच माहीत आहे की आई तिथे बायका जमवते आहे. काय बोलायचं ते अजून सुचत नाही. तूही ये.