बसून राहिलेली राणी

दोन राण्यांच्या भांडणावरचा तो भव्य ऐतिहासिक सिनेमा पहिल्याच आठवड्यात आपटला, आणि धाकटीच्या जिवात जीव आला. दुपारच्या खेळाला मोजून नऊ टाळकी. जितके कमी लोक बघतील तितकं बरं, असं मनाशी म्हणत ती खुर्चीत बसली. शेजारी तिची थोरली जाऊ. तीच हट्टाने आली होती. "एकदा बघू दे माझी चूक," म्हणाली.

या दोघी जावा एकाच खोलीत समोरासमोर मशीन मांडून कपडे शिवायच्या. धाकटी तोंडाची फटकळ, पण कामाला वाघ. भरतकाम करावं तर तिनेच. बेतणं मात्र थोरलीचं. खडूची एक रेघ ओढायची की कात्री चालवायची, पुन्हा मापायचं नाव नाही! सिनेमाचं काम आलं तेव्हा पोशाखवाल्या बाईने पट्टराणीचा झगा थोरलीला दिला आणि धाकटीला दासींचे कपडे. वर म्हणाली, "हिच्याकडून शीक जरा." झालं! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोरली जेवायला उठली तशी हिने झग्याची कंबर दोन बोटं आत घेतली, आणि पुढेमागे सैल करता यावा म्हणून आत ठेवलेली मायाही कापून टाकली. दहा मिनिटांचं काम.

झगा नटीला बसेना. बाईने थोरलीला सगळ्यांदेखत नाही नाही ते सुनावलं. घरी येऊन थोरलीने कात्री कपाटात ठेवली. "हात गेला माझा," एवढंच म्हणाली. तेव्हापासून सहा महिने ती नुसते उशांचे अभ्रे शिवत होती, तेही तीनतीनदा मापून. धाकटीला घास गोड लागेना. रोज सांगायचं ठरवायची आणि रोज कच खायची.

आता पडद्यावर पट्टराणी सिंहासनावर बसली होती. बसली ती बसलीच. राजा आला, ही बसून. सवतीने विषाचा पेला पुढे केला, ही बसून. महालाला आग लागली तरी बाई ढिम्म! मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, उठवा कोणीतरी तिला!" सगळे खो खो हसले. धाकटीला मात्र दरदरून घाम फुटला. सैल करायला मायाच उरली नव्हती, म्हणून झगा मागून उसवून पिनांवर तोललेला होता. राणी उभी राहिली असती तर पाठ उघडी पडली असती. थिएटरात हे फक्त दोघींना कळत होतं. तिने चोरून बाजूला पाहिलं. थोरली मान खाली घालून आपल्याच हातांकडे बघत होती.

धाकटीला राहवेना. "जाऊबाई, बाहेर चला."

पायऱ्यांवर आल्या आल्या तिने एका दमात सगळं ओकलं. "कंबर मी आत घेतली. मायाही मीच कापली. तुमचं बेतणं बिनचूक होतं. आता काय हवं ते बोला, माझं मशीन बाहेर फेका, पण..." पुढे हुंदकाच आला.

थोरलीने तिचा दंड धरला. "म्हणजे मी कंबर सव्वीस इंच धरली होती, ती सव्वीसच होती?"

"सव्वीसच. आत घेण्याआधी मी मापली होती."

थोरलीने तिच्या पाठीत असा धपाटा घातला की ती कळवळलीच. दुसरा बसणार म्हणून तिने डोळे मिटले. तर थोरली मटकन पायरीवर बसली. हसतेय की रडतेय, काही कळेना.

"अगं भवाने, हात शाबूत आहे माझा! रोज सकाळी उठून बोटं बघत होते, थरथरतात का म्हणून. डॉक्टरकडेही जाऊन आले. घरात कोणाला बोलले नाही."

धाकटी तिच्या पायाशी बसली. "मला माफ करा, जाऊबाई."

"करीन की नाही, ते उद्या बघू," थोरली पदराने डोळे पुसत म्हणाली. "आज मला रागवायला नको लावूस. किती दिवसांनी बरं वाटतंय गं!"