तपासणी केली म्हणे

डॉक्टरनं माझ्या हाताला हात लावला नाही. टेबलापलीकडून पेनाच्या टोकानं माझी बोटं हलवली. मेलेली पाल हलवून बघावी तशी.

"दुखतं?"

"लई दुखतं. मूठ मिटत न्हाई."

"डावाच आहे ना? भाकरी उजव्यानं थापतेस की."

मला घेऊन आलेला मुकादम हसला. डॉक्टरही हसला. मी उभीच. खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणून कुणी म्हणालं नाही.

भूकंपानंतर गावं नव्यानं बांधायचं काम निघालं, तेव्हा आई-बापासंगं मी मुखेडहून इकडं आले. मग लातुरात क्लासच्या इमारती उठायला लागल्या. डॉक्टर व्हायला येणाऱ्या लेकरांसाठी वर्ग, होस्टेलं. तिथं वर्षानुवर्षं घमेली वाहिली. अशाच एका इमारतीवर सामान चढवायच्या लिफ्टचा दोर तुटला. हात खाली सापडला. भरपाई मागितली, तर मालकानं आपल्या डॉक्टरकडं धाडलं.

मुकादमानं तिथंच तडजोडीचा कागद पुढं केला. "अंगठा लाव गं."

मी सातवी शिकलेली. कागद वाचला. 'डॉक्टरांनी सविस्तर तपासणी केली. अपंगत्व दहा टक्के. पूर्वीचे काम करू शकते.'

डोकं फिरलं. "कधी केली तपासणी?"

"तू मला शिकवणार?" डॉक्टर म्हणाला.

"हाव. आधी हात धरून बघा. मग लिवा."

"हिला बाहेर काढा."

कुणी काढायच्या आधी मीच निघाले. सही न करता.

सरकारी दवाखान्यात तीन दिवस रांगेत काढले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बसवलं. एकेक बोट धरून वाकवलं. भरलेली बादली उचलायला लावली. हातातून सुटली, पाणी सांडलं. बाईंनी लिहिलं, ओझ्याचं काम हिच्यानं होणार नाही.

तो कागद घेऊन मी कामगार कोर्टात केस केली. तिथं मालकाचा डॉक्टर शपथेवर म्हणाला, "मी तपासलं."

माझ्या वकिलानं विचारलं, "मग सांगा, कोणती बोटं मिटत नाहीत?"

डॉक्टर कागद चाळत राहिला.

निकाल अजून लागलेला नाही. केस केली म्हणून मला कुठल्याच साईटवर हलक्या कामालाही घेत नाहीत. मागच्या महिन्यात त्याच मालकाच्या साईटवर एका बाईचा पाय मोडला. तिला त्याच डॉक्टरकडं न्यायला मुकादमाची गाडी आली. मी गाडीसमोर उभी राहिले. शिव्या खाल्ल्या. बाईला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

नका घेऊ कामावर. कोर्टाची एकही तारीख मी चुकवणार नाही. हाड आमचं मोडतं. ते किती मोडलं, हे मालकाच्या खिशातला डॉक्टर ठरवणार न्हाई.