अंतरपाटाचा फोटो

लेकीच्या लग्नात फोटोग्राफर होताच, पण अंतरपाट खाली येतानाचा फोटो मीच काढायचा, असं बायकोनं बजावलं होतं. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीची आई मांडवात थांबत नाही, तुळशीला पाणी घालायला जाते. म्हैसुरात इतकी वर्षं काढूनही हिनं ही चाल सोडली नाही. विहीणबाई जवळच्याच वरुणा गावच्या, कन्नड. त्यांच्यात असलं काही नाही. हिचा हात धरून त्या "बन्नी, बन्नी", आत या, म्हणत राहिल्या. ही हसली आणि कार्यालयाच्या मागच्या दाराबाहेर, घरून आणून ठेवलेल्या तुळशीकडे निघाली. जाताना मला म्हणाली, "मला तेवढा एकच फोटो हवाय. बाकीचे नाही आले तरी चालतील."

मी तयारीत होतो. भाच्याच्या लग्नात एक ओली अक्षता माझ्या लेन्सला चिकटली होती. मी ती घाईत उपरण्यानं पुसली आणि काचेवर कायमचा ओरखडा उमटला. दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, तेव्हापासून ताकही फुंकून पितो. नव्या लेन्सवर फिल्टर, म्हणजे एक साधी पारदर्शक काच, चढवलेली होती. ओरखडा पडायचाच तर तिच्यावर पडो. पुढे हूडचं काळं नळकांडं, कुठून धक्का लागू नये म्हणून. एवढं करूनही कुणी अक्षतांची मूठ उगारली की माझा डावा पंजा लेन्ससमोर जायचाच. लेक म्हणायची, "बाबा, सॉल्पा, थोडं कमी जप की. फोटो कधी काढणार तू?"

शेवटचं मंगलाष्टक संपत आलं. भटजींनी "सावधान" म्हटलं, वाजंत्री वाजली, अंतरपाट खाली आला आणि चारी बाजूंनी अक्षता उडाल्या. उजव्या हातानं मी बटण दाबून धरलं. डावा हात आपणहून पुढे गेला.

जेवणं आटोपल्यावर बायको शेजारी येऊन बसली. "दाखवा," म्हणाली.

मी कॅमेऱ्यावर फोटो उघडून दाखवला. माझा पंजा. बोटांच्या फटीत थोडा तांबूस उजेड. पुढचाही तसाच. त्याच्या पुढच्यात नुसती पाहुण्यांची डोकी. लेन्सला मात्र काही म्हणता काही झालं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती रागावली नाही. "तुम्ही स्वतः पाहिलंत ना? मग सांगा."

पाहिलं होतं. हात पुढे जाताना डोळा कॅमेऱ्यावरून निघाला होता, त्यामुळे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसलं होतं. सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं. अंतरपाट खाली आल्यावर पोरीनं आधी नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं मागच्या दाराकडे पाहिलं.

बायकोनं फोटोतल्या त्या पंज्यावरून बोट फिरवलं.

"दार मी ओढून घेतलं होतं," ती म्हणाली. "उघडं असतं तर माझ्यानं राहवलं नसतं."