उशी घेऊन आलेला पैलवान

"दोघंबी चित कसे होतील रे? एक तरी वर पायजे ना!"

माझे सासरे फडाच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. त्यांचा आवाज असा, की इकडं बोलले तर धसईच्या बाजारात मेथीची जुडी सुटते. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, कारण जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच तेच, आणि पंचाशी काहीतरी नातं असलेलं बरं. त्यांच्या पायाशी लाल मातीत दोन पैलवान शेजारी शेजारी उताणे पडले होते. एक धसईकडचाच तरणा गडी. दुसरा साठी ओलांडलेला जपानी माणूस, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा झोपायचा पायजमा. गड्याच्या डोक्याखाली उशी होती, जपान्याच्या डोक्याखाली नुसती माती. दोघंही घोरत होते, एक वरच्या पट्टीत, एक खालच्या.

"मामा, झोपलेत ते," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला. आधी चित झाले का आधी झोपले, ते सांग."

ते मला आजही सांगता येत नाही. जपानी तिथवर कसा आला, ते मात्र माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण त्याला मीच आणला.

मला तो उंबरमाळी स्टेशनात सापडला. उंबरमाळीला कोण उतरतं? वारासुद्धा पुढं कसाऱ्याला जाऊन उतरतो. मी एका पाव्हण्याला गाडीत बसवून वळलो, तर बाकावर हा. मांडीवर उशी, समोर डोंगर, आणि डोंगराकडं अशी नजर की जणू त्याचं काहीतरी तिथं ठेवलेलं आहे. त्यानं मोबाईल काढला, जपानीत काहीतरी बोलला, आणि मोबाईल मराठीत म्हणाला, "मला इगतपुरी येथे ध्यानासाठी परवा उपस्थित राहायचे आहे. डोंगर पाहून मी अगोदर उतरलो." मोबाईल त्याचा, पण मराठी मात्र शाळा तपासायला आलेल्या साहेबाची.

मी विचारलं, "धंदा काय तुमचा?"

मोबाईल म्हणाला, "मी व्यवसायाने पराभूत होत असे."

आता असा माणूस कोण सोडून देईल? परवापर्यंत वेळ होताच. मी त्याला जीपमध्ये घातला आणि शेणव्याच्या बाजूला, आमच्या घरी निघालो. वाटेत मोहाची फुलं गळत होती. त्या दिवसांत आमच्याकडच्या हवेला असा वास असतो की माणूस श्वास घेतो आणि अर्धं स्वप्न आत जातं. बैल चालता चालता थांबतात आणि कशासाठी थांबलो ते विसरतात. जपानी खिडकीतून हात बाहेर काढून ती हवा चिमटीत धरून बघत होता, कापड बघावं तशी.

त्याची हकिकत त्यानं आमच्या ओटीवर बसून सांगितली. तरुणपणी त्याला भयंकर पैलवान व्हायचं होतं. तिकडं कुस्तीचा खेळ असतो, दोरखंडाच्या चौकटीत, तिकीट लावून. त्यातला दुष्ट माणूस होण्याची त्याची इच्छा होती. पण पोट भरायला रात्रभर मासळीबाजारात पेट्या उचलायच्या आणि दुपारी कुस्ती. पहिल्याच मोठ्या कुस्तीत समोरच्यानं त्याची मान काखेत दाबली. काख ऊबदार होती. हा तिथंच झोपला. खराखुरा, घोरत. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडले. मालक म्हणाला, उद्यापासून रोज हेच करायचं.

मग तीस-एक वर्षं त्यानं हेच केलं. पायजमा घालून, उशी घेऊन यायचं. जांभई द्यायची. समोरचाही जांभई देणार, मग पंच, मग पहिली रांग. हा आडवा झाला की समोरचा चवड्यावर चालायचा. म्हाताऱ्या बाया घरून पांघरुणं आणायच्या याच्यासाठी. कधीमधी समोरचा घोरणं ऐकायला खाली वाकला, की हा एक डोळा उघडून त्याला गुंडाळायचा आणि जिंकायचा. पण ते सणासुदीला. एरवी झोपेत हरायचा, आणि शेवटी त्याची बायको बाजूला बसून घंटा वाजवायची, तेव्हा उठून सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा.

"ती घंटा कायम माझी पत्नी वाजवत असे," मोबाईल म्हणाला. जपान्यानं उशी मांडीवर सरळ केली. "आता ती नाही. तेव्हापासून मला निद्रा येत नाही. उठवणारे कोणी नसेल, तर झोपायचे कसे?"

म्हणून तो इगतपुरीला निघाला होता. डोळे मिटायला शिकवतात म्हणे तिथं.

माझी बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिनं उशी दाबून पाहिली. आत कसलंसं तूस भरलेलं, कुरकुर वाजणारं.

"अवो, आपल्याकडं तूस चुलीत घालतात," ती म्हणाली. "ह्यावर कशी झोप येईल?" आणि तिनं त्याला आमची सावरीच्या कापसाची उशी दिली. सकाळी बघतो तर उशीला खळगासुद्धा पडला नव्हता. माणूस ओटीवर बसलेला, डोळे सताड, समोर माहुलीचा डोंगर. मला वाटतं रात्रभर दोघं एकमेकांवर नजर ठेवून होते.

त्याच दिवशी धसईच्या पलीकडं जत्रा होती. म्हटलं, पैलवान माणूस, फड तरी बघू दे. त्यानं पायजमा बदलला नाही, आणि आपली तुसाची उशी काखेत घेतली. ऊन उतरायच्या आधीची वेळ. पाळणा फिरत होता, जिलबीवाल्याच्या कढईवरची हवा थरथरत होती, आणि ढोल असा वाजत होता की पोटातली भाकर ताल धरते. मी पान घ्यायला वळलो. तेवढ्यात हा दोरी ओलांडून फडात गेला आणि एक हात वर करून चारी बाजूंच्या लोकांपुढं गोल फिरला.

तिकडं त्याचा नमस्कार तसाच असायचा. पण आमच्या फडात हात वर करून गोल फिरणं म्हणजे जोड मागणं. ज्याला जोड मिळालेली नाही तो पैलवान असा फिरतो, आणि एकदा हात वर गेला की कुस्ती केल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. ही रीत इतकी जुनी आहे की डोंगर नंतर आले असावेत.

"मामा, तो पाव्हणा हाय, त्याला म्हाईत नाय," मी ओरडलो.

"हात वर केला ना?"

"केला."

"मंग?"

इतक्यात जोड मिळालीही. धसईकडचा गडी पुढं आला. दिसायला दरवाजाएवढा, पण कंपनीतली नाईट करून सरळ जत्रेत आलेला, डोळे लाल. दोघांनी वाकून माती उचलली, एकमेकांच्या हाताला लावली. गड्यानं याच्या मानेवर हात टाकला आणि मान काखेत दाबली.

जपान्यानं जांभई दिली.

सवयीनं दिली, दुसरं काय. पण गड्यानं जी उलट जांभई दिली, ती खरी होती. तसली जांभई पेट्या उचलणाऱ्यालाच ओळखता येते. काखेतून वर बघणारा त्याचा चेहरा मी पाहिला. त्यानं एका हातानं गड्याला अलगद मातीवर टेकवला, आजारी माणसाला खाटेवर ठेवतात तसा, आणि दुसऱ्या हातानं आपली उशी त्याच्या डोक्याखाली सरकवली. गडी उशीला लागताच गेला. हा त्याच्या शेजारी आडवा झाला, जरा वेळ आभाळाकडं बघितलं, आणि डोळे मिटून घोरायला लागला. मग मामा ओरडायला लागले.

तिथूनच तर मी सुरुवात केली.

"उठवा दोघांना," कुणीतरी म्हणालं.

"हात नाय लावायचा," मामा म्हणाले. "हरलेला आपण होऊन उठतो आणि जिंकलेल्याला मिठी मारतो, तवा कुस्ती संपते. तोवर दुसरी जोड नाय."

"आणि तोवर आमी काय करू?" किन्हवलीकडचा एक पैलवान लंगोट कसून कंटाळला होता.

"बसा. राखण करा. उठल्यावर आपण हाय म्हणून दिसलं पायजे त्यांना."

हे कुणी जपान्याच्या मोबाईलला सांगितलं नाही. पण मामांच्या आवाजाला भाषांतर कशाला लागतं? मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो. तोवर त्याच्या पापण्या नुसत्या मिटलेल्या होत्या, धंद्यातल्यासारख्या. मामा पुन्हा एकदा ओरडले, आणि त्याच्या कपाळावरची शीर सैल झाली. हाताची बोटं उघडली. घोरणं बदललं. आधीचं घोरणं तिकिटाचं होतं, हे घरचं होतं.

सगळा फड मातीच्या कडेनं बसून राहिला. ढोलवाल्यानं टिपरू खाली ठेवलं आणि बोटांनी वाजवायला लागला, लांब कुठंतरी उखळात भात सडतायत असा आवाज. पाळणा थांबला, वरच्या पेटीतली माणसं तिथंच पेंगली. जिलबी कढईत आपसूक गोल होऊन थांबली. तारेवरचा कावळा झोपेत एक पाय सोडून देत होता आणि पुन्हा धरत होता. मामांची मान पडली, पण उभ्यानंच. खोटं वाटत असेल तर धसईत जाऊन कुणालाही विचारा, सगळे म्हणतील आम्हाला आठवत नाही, आणि झोपलेल्या माणसाला आठवणार कसं? मी एकटा जागा होतो. त्या लाल मातीवरून उन्हाचा शेवटचा तुकडा हळूहळू सरकत गेला, दोन पायांवरून, उशीवरून, आणि टेकडीमागं गेला.

तेव्हा मामा दचकून जागे झाले आणि त्यांनी आपण झोपलोच नव्हतो हे दाखवायला एक हाक दिली. सगळा फड जागा झाला, आणि जपान्यानंही डोळे उघडले. वर पाच गावांची तोंडं वाकलेली. तो उठला, गड्याला उठवून मिठी मारली, मग चारी दिशांना वाकला. बक्षिसाचा नारळ कुणाचा यावर वाद नको म्हणून मामांनी तो तिथंच फोडला आणि दोघांच्या हातात एकेक कवड दिली.

घरी आल्यावर जपानी पाय धुवायला मागं गेला, आणि मी बायकोला सगळं सांगितलं. पाळणा, कावळा, जिलबी, तिच्या बापाची पडलेली मान. शेवटी म्हटलं, बघ, माणसाची गेलेली झोप आपल्या जत्रेत सापडली.

ती तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा बाजूला टाकला.

"दुपारी एवढा झोपला," ती म्हणाली, "मंग आता रात्री नाय यायची त्याला."